तीन पायऱ्यांच्या दुकानात तीनचाकी कशी येणार?

दारव्ह्याकडच्या एका कृषी केंद्रवाल्या भावानं विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: चार गाळ्यांच्या ओळीत त्याचं दुकान, रस्त्यापासून तीन पायऱ्या उंच, पुढे उघडी नाली. जुन्या गिऱ्हाइकांपैकी एक जण तीनचाकी हातसायकलवर येतो, दुसरे एक आजोबा आहेत, त्यांना आता जवळजवळ दिसत नाही. त्याचा मोठा भाऊ म्हणतो, "आपण माल बाहेर नेऊन देतोच, रॅम्पचा खर्च काहून?" आणि या दुकानदाराला विचारायचंय की रॅम्पला किती लागेल, की बाजारात मिळतो तसा लोखंडी पत्र्याचा तयार रॅम्प घेऊन टाकावा.

मी सिव्हिलचा डिप्लोमा केलेला ठेकेदार. बावीस वर्षं वर्धा-यवतमाळकडच्या गावांत दुकानं, गोदामं, पतसंस्थांच्या इमारती बांधतो. माझ्या मोठ्या भावाला लहानपणी पोलिओ झाला, तो पायाला आधाराचा कॅलिपर लावून कुबडीवर चालतो. बाहेर माल नेऊन देण्यावर त्याचं एक वाक्य आहे, तेच आधी सांगतो. "माल भेटते रे, पन पाहाले भेटत नाई." बाकीचे शेतकरी आत येऊन चार कंपन्यांच्या बियाण्याच्या पिशव्या उलटून पाहतात, तारीख वाचतात, भाव करतात, दुसरा कोणता वाण नेतोय ते ऐकतात. तीनचाकीवाला मात्र बाहेर रस्त्यावर उन्हात बसतो आणि पोरगा जी पिशवी आणेल ती घेतो. कृषी केंद्रात निम्मा व्यवहार गप्पांचा असतो हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. त्या गप्पांतून तो माणूस बाहेर पडलाय. म्हणून तुमचा प्रश्न रॅम्पच्या खर्चाचा कमी आणि गिऱ्हाईक रस्त्यापासून बिलापर्यंत नेमकं कुठे अडतं, याचा जास्त आहे. पायरी हे त्यातलं फक्त पहिलं ठिकाण.

तरी पायरीपासूनच सुरू करू.

तीन पायऱ्या म्हणजे साधारण सात-सात इंच धरले तर एकवीस इंच. उताराचा नियम एकास बारा, म्हणजे एक इंच उंचीला बारा इंच लांबी. इमारती दिव्यांगांच्या सोयीच्या कशा असाव्यात यावरच्या केंद्र सरकारच्या 2021 च्या मार्गदर्शक सूचनांतही हाच आकडा आहे. म्हणजे तुम्हाला एकवीस फूट लांब रॅम्प हवा. नालीवरून सरळ पुढे काढला तर तो थेट रस्त्याच्या मधोमध जाईल. इथे बहुतेक मालक "जमत नाही" म्हणून सोडून देतात, किंवा सहा फुटांत बसवून मोकळे होतात. दुसरा प्रकार पहिल्यापेक्षा वाईट.

वाईट का, ते माझ्याच कामावरून सांगतो. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एका पतसंस्थेला मी आयुष्यातला पहिला रॅम्प बांधून दिला. उंची दोन फूट, जागा सात फूट. व्यवस्थापकांना चकचकीत टाइल हवी होती, मी लावून दिली. पावसाळ्यात एक तीनचाकीवाले खातेदार आले, दोघांनी ढकलून त्यांना वर नेलं. उतरताना ब्रेक धरला पण चाकच घसरलं, गाडी सरळ खाली लावलेल्या मोटारसायकलींवर गेली. हाताची साल निघाली, नशीब तेवढ्यावर निभावलं. मला कोणी काही बोललं नाही, सगळे त्यांनाच म्हणाले की जरा सांभाळून उतरायचं. आज त्या रॅम्पवरून रात्री मोटारसायकली आत चढवतात, त्यासाठी तो उत्तम आहे.

तयार लोखंडी रॅम्पचं उत्तरही यातच आलं. सहा फुटी पत्रा सहा इंचाच्या एका पायरीला बरोबर पुरतो. एकवीस इंचाला लावला तर ती शिडी होते. काही जण दोन फळ्या टाकतात. व्हीलचेअरला ते एखादवेळी चालेल, पण हातसायकलचं पुढचं चाक मधोमध असतं, ते दोन फळ्यांच्या मधल्या फटीत जातं. आमच्याकडे खेड्यात व्हीलचेअर कमी, तीनचाकीच जास्त, हे शहरातली चित्रं पाहून रॅम्प बांधणाऱ्यांच्या लक्षात येत नाही.

आता तुमच्या जागेत काय होऊ शकेल? चार गाळ्यांची ओळ आहे म्हणालात, आणि पुढे सलग ओटा असणारच. एक काम करा. गवंड्याची पारदर्शक लेव्हल-नळी आणा, तिच्यात पाणी भरा, हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. एक टोक तुमच्या दारासमोर ओट्याला धरा, दुसरं टोक ओळीच्या शेवटच्या गाळ्याजवळ. ओटा सपाट असेल, पण रस्ता क्वचितच सपाट असतो. मागच्या वर्षी एका बाजारगावात असंच मोजलं. मालकाच्या दारात ओटा जमिनीपासून वीस इंच, आणि चौथ्या गाळ्याच्या कोपऱ्यावर फक्त अकरा. चार-पाच वेळा रस्त्यावर सिमेंट चढून चढून त्या बाजूची जमीनच वर आली होती. अकरा इंच म्हणजे अकरा फुटांचा रॅम्प, तोही ओट्याच्या रेषेत, रस्त्यात एक इंच न घुसता. चौघांनी खर्च वाटून घेतला. तिसऱ्या गाळ्यात दवाखान्याचं औषधांचं दुकान होतं, सर्वांत जास्त फायदा त्याला झाला आणि सर्वांत जास्त कुरकुरही त्यानंच केली.

हे मात्र खरंच परिस्थितीवर आहे. तुमचा रस्ता दुसऱ्या बाजूला उतरत असेल, शेजारी तयार नसेल, ओटा तुटक असेल, तर हा मार्ग बंद. मग ओट्याला समांतर, मधे वळण घेणारा रॅम्प बसतो का बघावं लागेल. वळणावर पाच फूट बाय पाच फूट सपाट जागा लागते, नाहीतर गाडी वळत नाही. गाळा भाड्याचा असेल तर मालकाची संमती आणि नालीवर काही बांधायचं असेल तर ग्रामपंचायतीची परवानगी, दोन्ही लेखी घ्या. नालीवर सलग स्लॅब ओतू नका, सफाईवाला तो फोडणारच. दोन माणसांनी उचलता येतील असे तुकडे टाका. लोखंडी जाळी टाकणार असाल तर पट्ट्या चालण्याच्या दिशेला आडव्या हव्यात आणि फट अर्ध्या इंचाच्या वर नको. उभ्या पट्ट्यांत चाक आणि कुबडीचं टोक दोन्ही अडकतं. माझा भाऊ अशाच एका जाळीत अडकून एसटी चुकलाय, ती गोष्ट तो अजून दर दिवाळीला सांगतो.

बांधकामात विदर्भाच्या दोन गोष्टी पुस्तकात सापडणार नाहीत. पहिली काळी माती. पावसात ती फुगते, एप्रिलमध्ये तिच्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर सरळ काँक्रीट ओतलं तर दुसऱ्या वर्षी रॅम्प एकीकडे आणि ओटा दुसरीकडे. दीड फूट काळी माती काढून टाका, मुरूम भरा, पाणी मारून थराथरानं धुमसा. अकरा फूट बाय चार फूट रॅम्पला एक ट्रॉली मुरूम पुरतो. वर चार इंच काँक्रीट, त्याला सुमारे साडेतीन पोती सिमेंट, सहा-सात घनफूट रेती, बारा-तेरा घनफूट गिट्टी. खालचं टोक कधीही शून्यावर निमुळतं आणू नका, तिथेही चार इंच जाडी जमिनीत उतरवा, नाहीतर ते टोक पहिल्याच उन्हाळ्यात मोडतं. ओटा आणि रॅम्पच्या सांध्याकडे पावसाळ्यानंतर पुन्हा बघा. अर्धा इंच जरी पायरी तयार झाली तरी व्हीलचेअरचं पुढचं छोटं चाक तिथे थबकतं. वरचा भाग ओला असतानाच उताराला आडवा खराटा ओढा. टाइल नको, पॉलिशची फरशी नको. दोन्ही कडांना तीन-चार इंचाचा कठडा ठेवा, चाक आणि कुबडी बाहेर जाणार नाही. पैशाचा आकडा देत नाही, रेतीचा भाव गावागणिक आणि महिन्यागणिक बदलतो. मालाचा हिशोब दिलाय, तुमच्या मिस्त्रीशी ताडून बघा.

दुसरी गोष्ट ऊन. दीड इंची पाइपचं रेलिंग दोन्ही बाजूंना, तीन फूट उंचीवर आणि त्याखाली अडीच फुटांवर दुसरं, असं सांगितलं जातं आणि ते बरोबरच आहे. पण मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत दुपारी त्या पाइपला हात लावून पाहा. आपण झटकन हात काढतो. आपल्या भागात कुष्ठरोगातून बरे झालेले लोक आहेत, त्यांतल्या काहींच्या हाताला संवेदना उरलेली नसते. त्यांना चटका कळतच नाही, ते पाइप धरून सावकाश चढतात आणि संध्याकाळी तळव्यावर फोड दिसतो. कुष्ठरुग्णांसाठीचे दत्तपूर आणि आनंदवन ज्या मुलखात उभे राहिले, तिथल्या ठेकेदाराला हे ठाऊक असायला हवं होतं. मला एका बाईचा हात पाहून कळलं. तेव्हापासून मी पाइपला खाटेची सुती निवार घट्ट गुंडाळून देतो. वर्षाला बदलावी लागते. सोयाबीनच्या पोत्याएवढाही तिचा खर्च नाही. वर पत्र्याचं छप्पर काढता आलं तर सगळ्यांत उत्तम, रांगेतल्या बाकीच्यांनाही सावली.

हातांवर सरकत येणारेही असतात, त्यांच्यासाठी तर तापलेली जमीन हाच मोठा प्रश्न. छप्पर त्यांच्या कामाचं.

समजा रॅम्प झाला. गिऱ्हाईक ओट्यावर आलं. आता खरं सांगा, तुमच्या ओट्यावर काय आहे? मी पाहिलेल्या दहा कृषी केंद्रांपैकी नऊंच्या ओट्यावर युरियाच्या थप्प्या, फवारणी पंपांची खोकी, कंपनीचे उभे बोर्ड आणि मालकाची गाडी असते. ओटा पाच फुटी, मोकळी वाट दीड फुटी. दारातून आणि ओट्यावरून तीन फूट वाट कायम मोकळी राहिली नाही तर रॅम्पवरचा पैसा नालीत गेला. यासाठी सिमेंट लागत नाही, पिवळ्या पेंटचे दोन पट्टे मारा आणि हमालाला सांगा की या पट्ट्यांत पोतं टेकवायचं नाही.

काउंटर बहुधा छातीएवढा उंच असतो. बसलेल्या माणसाला त्यापलीकडे फक्त तुमचं कपाळ दिसतं. काउंटर तोडायची गरज नाही. बाजूला अडीच फूट उंचीचं, खाली पाय जातील असं साधं टेबल ठेवा, बिल आणि बियाण्याच्या पिशव्या तिथे. खत देताना अंगठा घ्यायच्या मशीनची वायर त्या टेबलापर्यंत पोचली पाहिजे. ज्यांचा अंगठा उठत नाही, किंवा थ्रेशरमध्ये हातच गेलाय, त्यांच्यासाठी ओळख पटवायचा दुसरा कोणता मार्ग चालतो ते हंगामाआधी तालुका कृषी कार्यालयात विचारून ठेवा. जूनमध्ये शंभर लोकांच्या रांगेसमोर ती चर्चा नको.

रांगेवरून आठवलं. बाहेरून दिसत नाही असं अपंगत्व आपल्याकडे कमी नाही. पूर्व विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार घरोघरी ऐकू येतो आणि 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात जे 21 प्रकार धरलेत त्यांत तो आहे. तरणाताठा पोरगा दिसतो, पण सांधे ठणकत असतात, उन्हात तासभर उभं राहिला तर पुढचे चार दिवस खाटेवर. युरियाच्या रांगेत एक बाकडं, एक माठ आणि नंबरची चिठ्ठी ठेवा. चिठ्ठी असली की माणूस बसू शकतो. "धडधाकट दिसते, बसते काहून?" असं पोरांना बोलू देऊ नका.

आता तुमचे आजोबा. त्यांना रॅम्पचा उपयोग नाही, उलट कड कुठे संपते ते कळलं नाही तर धोका. प्रत्येक पायरीच्या काठावर आणि रॅम्पच्या सुरुवातीला दोन इंचाचा पिवळा पट्टा मारा, थोडंफार दिसणाऱ्याला तो पुरतो. त्यांना आत आणताना हात धरून ओढू नका. तुमचं कोपर पुढे करा, ते धरतील आणि अर्धं पाऊल मागून येतील. नातू सोबत असेल तरी "आजोबाले काय पाहिजे?" असं नातवाला विचारू नका. शेत त्यांचं आहे.

नोटा परत देताना मोठ्यानं सांगा. नव्या शंभर, दोनशे आणि पाचशेच्या नोटांची रुंदी सारखीच, 66 मिलिमीटर. लांबी 142, 146, 150. म्हणजे बोटांनी ओळखायला फक्त चार-चार मिलिमीटरचा फरक, आणि उठावाची खूण जुन्या नोटेवर घासून गेलेली. रिझर्व्ह बँकेचं 'मनी' नावाचं मोफत अॅप 2020 पासून आहे, ते कॅमेऱ्यानं नोट ओळखून सांगतं, नातवाच्या फोनमध्ये टाकून द्या. पैसे आल्याचं बोलून सांगणारा डबा तुमच्याकडे असेलच, तो आजोबांसाठीच बनवलाय असं समजा.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं, औषधाच्या बाटल्या. कीटकनाशकाच्या विषारीपणासाठी लेबलवर लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण असतो. न दिसणाऱ्याला त्याचा काय उपयोग? तणनाशक आणि कीटकनाशक एकाच मापाच्या, एकाच आकाराच्या बाटलीत येतं. कपाशीवर चुकून तणनाशक गेलं तर पीक गेलंच. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, ते तुम्हाला सांगायची गरज नाही. एका दुकानदारानं काढलेली युक्ती मला पटली. तणनाशकाच्या बाटलीच्या गळ्याला दोन रबर, कीटकनाशकाला एक, पिकाच्या टॉनिकला काहीच नाही. आजोबांच्या हातात बाटली देऊन त्यांच्याच बोटांनी मोजून घ्यायचे. पंपाला किती मिली, ते मापाच्या झाकणावर चाकूनं एक खाच पाडून दाखवायचं. मग त्यांच्या फोनवर मात्रा बोलून रेकॉर्ड करून द्यायची. तीन मिनिटं लागतात. डोळस पण वाचता न येणारे शेतकरीही आता त्याच्याकडे रबर मागतात.

ऐकू न येणाऱ्यांसाठी कॅल्क्युलेटर त्यांच्याकडे फिरवा, भाव कागदावर लिहा, समोर बघून बोला. आणि तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा असेल तर आधी थुंका. ओठ वाचणाऱ्याला खर्रा भरलेल्या तोंडातून काय कळणार? मलाही कळत नाही.

कायद्याचं विचारलं नाहीत, पण भावाला सांगायला उपयोगी पडेल. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मध्ये सार्वजनिक इमारतीच्या व्याख्येत लोकांची ये-जा असलेली खासगी व्यापारी इमारतही येते, ती फक्त सरकारी कचेरीपुरती नाही. उल्लंघनाला पहिल्यांदा दहा हजारांपर्यंत दंड, पुन्हा झालं तर पन्नास हजार ते पाच लाख. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सुगम्यतेचे नियम नुसते शिफारशीवजा ठेवता येणार नाहीत असंही सांगितलंय. खेड्यातल्या दुकानावर उद्या कोणी दंड लावायला येईल असं मी म्हणत नाही, बावीस वर्षांत एकदाही पाहिलं नाही. मी स्वतः हा मुद्दा शेवटीच काढतो. दंडाच्या भीतीनं बांधलेले रॅम्प मी पाहिलेत, ते सगळे सहा फुटी असतात. ग्रामपंचायतीला मात्र स्वतःच्या उत्पन्नातला पाच टक्के भाग दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. तुमच्या ओट्यासाठी तो पैसा मागू नका, पण नालीवरची झाकणं आणि थांब्यापासून ओळीपर्यंतची वाट नीट करा, असा अर्ज चारही गाळेवाल्यांनी त्या तीनचाकीवाल्या भाऊंची सही घेऊन दिला तर ग्रामसभेत बोलता येईल.

काहीच बांधता येत नसेल तर? तरी उभ्या चढाचा रॅम्प करू नका. रस्त्याच्या पातळीवर सावलीत एक टेबल, ओढायला हात पुरेल अशी दोरीची घंटा, आणि घंटा वाजली की पोरगा नाही, तुम्ही स्वतः किंवा मोठे भाऊ खाली जा. सोबत एक नाही, चार कंपन्यांच्या पिशव्या न्या. बसा, गप्पा मारा, मग बिल करा. हे रॅम्पच्या बरोबरीचं नाही. पण आज जे चाललंय त्यापेक्षा बरंच बरं, आणि उद्यापासून होतं.

काम काढाल तर दिवाळीनंतर काढा, माती कोरडी असते आणि तुमची खरिपाची गर्दीही नसते. काँक्रीटला दहा दिवस पाणी मारा, तोवर कोणाची गाडी चढू देऊ नका. काम काढण्याआधी तीनचाकीवाल्या भाऊंना बोलवून त्यांच्या गाडीची रुंदी टेपनं मोजा आणि रॅम्प कोणत्या बाजूला हवा ते त्यांनाच विचारा, ते कोणत्या रस्त्यानं येतात हे आपल्याला माहीत नसतं. नळीनं मोजलेले ओट्याच्या दोन्ही टोकांचे आकडे मला कळवा. सोबत ओट्याचा एक फोटो पाठवा, युरियाच्या थप्प्या न हलवता काढलेला.